चाळिशीनंतरचे वजन आणि चहाबरोबरची खारी

भिंगारमध्ये पहाटे चालायला निघणाऱ्यांना रस्त्यांची उणीव नाही. छावणीचे रुंद रस्ते आहेत, दुतर्फा जुनी झाडे आहेत आणि थोडे पुढे गेले की भुईकोट किल्ल्याचा खंदक लागतो. पंचेचाळीस-पन्नाशीतली माणसे बूट बांधून नेमाने फिरतात. तरीही यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते : रोज चालतो, पण काटा काही हलत नाही.

काटा का हलत नाही, याचे निम्मे उत्तर चालून झाल्यावर जिथे टेकायचे त्या टपरीवर मिळते. ७० किलो वजनाचा माणूस पाऊण तासात साडेचार किलोमीटर चालला, तर त्याच्या जेमतेम दोनशे-सव्वादोनशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात साधारण तीनशे कॅलरी असतात. दोन चमचे साखरेचा भरलेला कप चहा घेतला की आणखी ऐंशी. म्हणजे घाम गाळून जे गेले, ते दहा मिनिटांत व्याजासकट परत आले. यात चालण्याचा काही दोष नाही. हृदय, रक्तातली साखर, गुडघे, झोप, मनाची उभारी या सगळ्यांसाठी चालणे हवेच. पण वजनाचा फैसला मुख्यतः स्वयंपाकघरात आणि चहाच्या टपरीवर होतो, रस्त्यावर कमी.

‘वय झालं, आता चयापचय मंदावलं’ हे दुसरे लाडके कारण. ते ऐकायला बरे वाटते, कारण त्यात कोणाचीच चूक नसते. पण २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँझर आणि सहकाऱ्यांचे एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. २९ देशांतल्या, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत सहा हजार चारशेहून अधिक लोकांचा ऊर्जाखर्च त्यात तपासला होता. शरीराचा आकार आणि स्नायूंचे प्रमाण हिशेबात धरले, तर विशी ते साठी या काळात शरीराचा ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यात दिसले. तो खऱ्या अर्थाने उतरू लागतो साठीनंतर. मग चाळिशीत पँटचा हुक लागेनासा का होतो?

कारण आकार आणि स्नायू स्थिर राहत नाहीत. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचे वजन साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते, आणि बसून काम करणाऱ्यांचे अधिक. स्नायू बसल्या जागीही ऊर्जा खर्च करतात. ते घटले की तेवढीच पोळी जास्त ठरू लागते. त्यात हालचाल कमी होते : सायकल जाऊन दुचाकी येते, पाणी शेंदायचे राहत नाही, नातेवाईकही फोनवरच भेटतात. भूक आणि ताट मात्र पंचविशीतलेच राहते. भिंगारला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण या छावणीगावाला निवृत्त जवान नवे नाहीत. फौजेतला शिपाई पस्तिशी-चाळिशीतच पेन्शनीत निघतो. पहाटेची कवायत संपते, पण मेसमध्ये लागलेली खाण्याची सवय संपत नाही. पाच-सात वर्षांत सपाट पोटाचा माणूस ओळखू येत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. भारतात पाळी थांबण्याचे सरासरी वय छेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. त्या सुमारास इस्ट्रोजेन उतरू लागते आणि पूर्वी मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. काट्यावर फारसा फरक न पडताही ब्लाऊज कमरेला घट्ट होऊ लागतो, तो यामुळे.

काट्यापेक्षा टेप खरा

पोटाकडे वळलेल्या या चरबीचे महत्त्व जगाला पटवून देण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मोठा वाटा आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा : २२.३. म्हणजे तक्त्यानुसार दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या कोड्याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ म्हणतात. भारतीय माणूस वरून बारीक आणि आतून लठ्ठ असू शकतो, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कशातून क्वचितच सांगितले गेले असेल.

ही गोष्ट जन्मापासून सुरू होते, हेही याच गटाने दाखवले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे पोटाने, हातापायांनी, स्नायूंनी बारीक होती, पण त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. ही बाळे मोठी होऊन पोटभर खाऊ लागली आणि बसून काम करू लागली की काय होणार, याचा अंदाज बांधायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

म्हणून आपल्याकडे मोजमापाची रेघ खाली ओढलेली आहे. पाश्चात्त्य तक्त्यात बॉडी मास इंडेक्स २५ च्या वर गेला की वजन जास्त. भारतीयांसाठी ही मर्यादा २३, आणि २५ पासून लठ्ठपणा. पाच फूट पाच इंचाच्या, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी याचा अर्थ ६३ किलोच्या आत बरे आणि ६८ च्या वर लठ्ठ. त्याहून सोपी कसोटी कमरेची. उभे राहून, श्वास सोडून, खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावा. पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही हद्द. पँटचा नंबर सांगून चालत नाही. अनेक पुरुष पोटाच्या खाली पट्टा बांधून वीस वर्षे एकाच नंबरवर समाधानी असतात.

हद्द ओलांडणारे थोडेथोडके नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, साडेतेरा कोटींच्या आसपास लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३९.५ टक्के प्रौढांचे पोट हद्दीबाहेर आहे. मधुमेहाचे निदान व्हायचे वयही चाळिशी-पन्नाशीचेच. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते, आईवडिलांची दुखणी हे सगळे एकदम डोक्यावर असताना त्यात इन्सुलिनची भर पडणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात घडले त्यांना विचारावे.

दीक्षित की दिवेकर?

वजन आणि खाण्याच्या सवयी या विषयावर महाराष्ट्रात जितकी घराघरांत चर्चा झाली, तितकी देशात दुसरीकडे क्वचितच झाली असेल. त्याचे मूळ नागपूरकडे आहे. काटोलमधून १९८० मध्ये वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी आमदार झालेले, आणि पदव्यांच्या संख्येसाठी प्रसिद्ध असलेले डॉ. श्रीकांत जिचकार हे स्वतः वैद्यकीय पदवीधर होते. वजन घटवण्यावर ते व्याख्याने देत. सांगणे साधे होते : खाण्याच्या वेळा कमी करा, दिवसातून दोनदाच जेवा. २००४ च्या जूनमध्ये नागपूरजवळ रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचा हा विचार पुढे उचलला तो लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. त्यांनी तो आधी स्वतःवर करून पाहिला, मग गावोगावी मोफत व्याख्याने दिली. व्हॉट्सअॅपचे गट उभे राहिले, सभागृहे ओसंडून वाहू लागली. पुढे राज्याच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे दूत म्हणूनही त्यांची निवड झाली.

दीक्षित सांगतात ती पद्धत बहुतेकांना पाठ आहे. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखायच्या, त्याच वेळी जेवायचे, जेवण ५५ मिनिटांत संपवायचे. मधल्या काळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा असे मोजकेच. जोडीला पाऊण तासात साडेचार किलोमीटर चालणे आणि दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. अठरा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि टाइप १ मधुमेहाचे रुग्ण यांनी हे करू नये, असेही ते बजावून सांगतात. दर वेळी खाल्ले की इन्सुलिन स्रवते, ते वाढलेले राहिले की चरबी जळत नाही, ही त्यामागची मांडणी.

याच्या उलट बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. दर दोन तासांनी थोडे थोडे खा, वरणभात-तुपाला घाबरू नका, आपल्या मातीतले आणि हंगामातले खा, हे त्या सांगत आल्या. २००९ मधल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने देशभर खप मिळवला. झाले! महाराष्ट्रात दोन पंथ पडले. एकाच घरात नवरा दीक्षित आणि बायको दिवेकर, मग डब्याला काय द्यायचे यावरून रोजचा वाद. ‘अहो, दोन वाजेपर्यंत उपाशी राहिलात तर पित्त होईल,’ असे तिने म्हणावे आणि ‘अगं, दर दोन तासांनी तोंड हलवायला मी काय गाय आहे का?’ असे त्याने.

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? प्रागमध्ये हाना काहलेओवा यांनी ५४ मधुमेही रुग्णांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना बारा आठवडे दोन मोठी जेवणे आणि बारा आठवडे सहा छोटी खाणी, असे दोन्ही प्रकार आळीपाळीने दिले. कॅलरी दोन्हीकडे सारख्याच, गरजेपेक्षा पाचशेने कमी. दोन जेवणांत वजन सरासरी ३.७ किलो घटले, सहा खाण्यांत २.३ किलो. हा निकाल दीक्षितांच्या बाजूचा वाटतो, आणि काही अंशी आहेच. मात्र एक बारीक गोष्ट त्यात दडलेली आहे. प्रागमधली दोन जेवणे होती सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण. आपल्याकडची मंडळी दोन वेळा म्हणजे दुपारी दीड आणि रात्री साडेनऊ धरतात. रात्री उशिरा जेवल्यावर भूक वाढते आणि ऊर्जेचा खर्च घटतो, हे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या पण काटेकोर प्रयोगात दिसले. तेव्हा दुकान बंद करून दहाला ताटावर बसणाऱ्याने दोन वेळांचे पुण्य पदरात पडले असे समजू नये.

दुसरीकडे, चीनमधल्या ग्वांगझौ शहरात १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर चाललेला अभ्यास २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला. सर्वांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या; निम्म्यांना फक्त आठ तासांच्या आत खायला सांगितले, उरलेल्यांना वेळेचे बंधन नव्हते. पहिल्या गटाचे वजन सरासरी ८ किलोने घटले, दुसऱ्याचे ६.३ किलोने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरण्याइतका नव्हता. याचा अर्थ घड्याळात जादू नाही. दिवसभरात एकूण कमी खाल्ले गेले, तर वजन उतरते. ५५ मिनिटांच्या नेमक्या आकड्यालाही स्वतंत्र संशोधनाचा भक्कम आधार नाही.

मग दीक्षितांच्या मार्गाने इतक्यांचे वजन उतरले ते कसे? कारण तो नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. कॅलरी मोजाव्या लागत नाहीत, वेगळे पीठ आणावे लागत नाही, पैसे लागत नाहीत. आणि मुख्य म्हणजे मराठी माणसाचे खरे अरिष्ट असलेला मधला सगळा वेळ तो एका फटक्यात बंद करतो : अकराचा चहा, चहाबरोबरची खारी, पाचची भजी, टीव्हीसमोरचा फरसाण, पाहुण्यांच्या निमित्ताने चिवडा. दोन तासांनी खाण्याचा सल्लाही ज्यांनी शब्दशः पाळला, म्हणजे मूठभर शेंगदाणे, एक फळ, वाटीभर दही इतकेच, त्यांना तोही लागू पडला. घोटाळा होतो तो ‘दोन तासांनी’ हा शब्द लक्षात राहतो आणि ‘थोडे’ हा विसरला जातो तेव्हा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या समाजाला हे नवे नाही. साबुदाण्याची खिचडी हे उपासाचे अन्न म्हणून खाल्ले जाते. प्रत्यक्षात ते जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर तेल-तूप आणि दाण्याचे कूट.

एका दिवसाचा जमाखर्च

समजा, भिंगारच्या बाजारपेठेत दुकान असलेला अठ्ठेचाळीस वर्षांचा एक माणूस आहे. दिवसात पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमच्यात पाच ग्रॅम धरले, तर पन्नास ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे. याने ती चहातच दुप्पट केली. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे लिहिणे जिवावर येते, पण आकडा आकडाच आहे. सकाळच्या दोन खारी म्हणजे मैदा आणि वनस्पती तुपाचे पापुद्रे : आणखी दोनशेच्या आसपास. संध्याकाळी मूठभर फरसाण, दीडशे.

आता घरातला तेलाचा डबा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज अडतीस ग्रॅम तेल पोटात जाते, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. तोच डबा तीन लिटरवर आणला, तर माणशी तेवीस ग्रॅम. रोज १३५ कॅलरींची बचत. तेलाला वेगळे मोजमाप नको. महिन्याच्या एक तारखेला तीन लिटर बाजूला काढायचे आणि त्यातच महिना काढायचा. फोडणी चमच्याने घालायची, बरणी वाकडी करून नाही.

चहा पाचावरून तीन, साखर दोन चमच्यांवरून एक. खारी आणि फरसाण बंद. तेल तीन लिटर. एवढ्यानेच दिवसाचे सहाशेहून अधिक कॅलरी वाचतात, आणि अजून दोन्ही जेवणांना हात लागलेला नाही. सुरुवातीला आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन उतरायला इतके पुरते. साखर एकदम सोडली तर चहा कडू लागतो; दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला तर महिन्या-दोन महिन्यांत जीभ रुळते, मग जुना चहा पाकासारखा लागतो.

जेवणाबद्दल एक गैरसमज नगर जिल्ह्यात घट्ट आहे, तो भाकरीचा. पोळी सोडून भाकरी खाल्ली की वजन उतरते असे सर्रास सांगितले जाते. शंभर ग्रॅम बाजरीच्या, ज्वारीच्या किंवा गव्हाच्या पिठातल्या कॅलरी जवळपास सारख्याच असतात, तीनशेवीस ते साडेतीनशेच्या दरम्यान. घरी थापलेली एक मोठी भाकरी म्हणजे जवळजवळ तीन पातळ पोळ्या. भाकरीचा फायदा वेगळा आहे : तिला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते आणि तिने पोट लवकर भरते. पण तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकरी खाणाऱ्याने काट्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

खरी उणीव आहे प्रथिनांची. ‘इंडियाब’च्याच २०२५ मधील आहारविषयक निष्कर्षांनुसार भारतीयांच्या अन्नातल्या ६२ टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येतात. पोळी, भात, बटाटा, पोहे, साखर ही सगळी एकाच जातीची. प्रौढाला किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६५ किलोच्या माणसाला दिवसाला ५४ ग्रॅम. वजन उतरवताना तर थोडी जास्तच, कारण नुसते कमी खाल्ले तर चरबीबरोबर स्नायूही वितळतात. २०२० मध्ये सोळा तासांच्या उपासावर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात घटलेल्या वजनातला मोठा भाग स्नायूंचाच निघाला. पन्नाशीत गेलेले स्नायू परत आणणे फार कठीण असते.

त्यासाठी पावडरीचे डबे घ्यायला नकोत. एका अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिने, घट्ट वरणाच्या वाटीत सात, मोड आलेल्या मटकीच्या उसळीत तितकीच, वाटीभर दह्यात तीन-चार. आणि हुलगे! आजीच्या हातचे हुलग्याचे शेंगोळे, माडगे ही याच भागातली खाणी. हुलग्यात शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. शेंगोळ्यांची जागा नूडल्सच्या पाकिटाने घेतली, हा सौदा या जिल्ह्याने फार स्वस्तात केला. ताटाची मांडणी बदलायची ती अशी : आधी निम्मे ताट भाजी, कोशिंबीर, काकडी-गाजर, मग उसळ, वरण किंवा अंडी, आणि उरलेल्या जागेत भाकरी किंवा भात, दोन्ही नव्हे. आधी भाजी आणि वरण खाऊन शेवटी भाकरीकडे वळले, तर जेवणानंतरची साखरही कमी उसळते.

आग्रह आणि उरलेले अन्न

हे सगळे कागदावर सोपे. घरात मात्र पाहुणचार असतो. गावात हरिनाम सप्ताहाची पंगत असते, लग्नसराई असते, कोणाच्या तरी मुलाची निवड झालेली असते. ‘अण्णा, एक जिलबी तर घ्याच, आमची शपथ आहे’ म्हणणाऱ्याला नाही म्हणणे आपल्याकडे उद्धटपणा ठरते. ताटात थोडे घेऊन सावकाश खात राहणे, हा पंगतीतला जुना आणि खात्रीचा उपाय. रिकाम्या ताटावरच आग्रह होतो. सणाच्या दिवशी पुरणपोळी खावी, तूप घालून खावी. वर्षातले वीस दिवस वजन वाढवत नाहीत, उरलेले तीनशे पंचेचाळीस वाढवतात.

घरातल्या बाईची अडचण वेगळी, आणि तिच्याविषयी आहारतज्ज्ञ फारसे बोलत नाहीत. ती सगळ्यांच्या मागून जेवते, आणि उरलेला भात, मुलांनी टाकलेली अर्धी पोळी, तळाशी राहिलेली भाजी ‘अन्न वाया नको’ म्हणून तिच्याच ताटात येते. नवऱ्याने दोन वेळांचे व्रत घेतले की त्याच्यासाठी वेगळी वेळ, सासूबाईंसाठी वेगळी, मुलांच्या डब्यांची तिसरी. स्वयंपाकघर तिघांचे, हात एकाच बाईचे. अशा घरात तिचे वजन उतरणे अवघडच. संध्याकाळी साडेसात-आठला सगळ्यांनी एकत्र जेवायला बसणे आणि उरलेले अन्न सकाळच्या फोडणीसाठी बाजूला काढणे, एवढे दोन बदल कोणत्याही आहारयोजनेपेक्षा तिला जास्त उपयोगी पडतील.

सहा-आठ महिन्यांनी काटा थांबतो. हा अपयशाचा नव्हे, शरीराच्या हिशेबाचा भाग आहे. घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला वीस-तीस कॅलरींनी उतरतो आणि भूक शंभरेक कॅलरींनी वाढते. शंभर किलोच्या माणसाला जे पुरत होते, ते नव्वदच्या माणसाला जास्त होते. इथेच बहुतेक जण कंटाळून जुन्या वाटेला लागतात आणि वर्षभरात गेलेले सगळे परत येते. नव्या इंजेक्शनांचेही तेच. २०२५ मध्ये ती भारतीय बाजारात उतरली, वजन चांगले उतरवतात; पण बंद केली की घटलेल्या वजनातला मोठा भाग परततो. खाण्याची सवय तोपर्यंत बदललेली नसेल तर परतायला काहीच वेळ लागत नाही.

किती उतरले म्हणजे पुरे? सुरुवातीला वजनाच्या पाच ते सात टक्के. ८० किलोच्या माणसाला चार ते साडेपाच किलो. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांनी केलेल्या अभ्यासात, मधुमेह होऊन सहा वर्षे न उलटलेल्यांपैकी ४६ टक्के रुग्णांची साखर वजन घटवल्यावर एका वर्षात औषधांविना नियंत्रणात आली; दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के राहिले, पुढे आणखी घटले. ज्यांचे वजन परत चढले, त्यांची साखरही परत चढली. आणि काट्यावर काहीच न दिसलेल्यांसाठीही एक निकाल आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या आहारबदलाने आणि चालण्याने तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५५ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आले, आणि तेही वजनात फारसा फरक न पडता.

एका बाबतीत मात्र धाडस नको. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असताना एकदम दोन जेवणांवर येणे धोक्याचे आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोट रिकामे आहे की भरलेले हे पाहत नाही. साखर खाली ओढते. हातपाय थरथरणे, घाम फुटणे, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे. अशा वेळी व्रत बाजूला ठेवून लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब उपास तर स्वतःच्या मनाने कधीच करू नयेत. रक्तदाबाच्या गोळ्यांचाही डोस वजन उतरल्यावर बदलावा लागतो. तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत आणि जिल्हा रुग्णालयात मोफत होते. खाणे बदलण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा, अशी ती करून घ्यावी. जाताना सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे, जुने रिपोर्ट आणि कमरेचा आकडा लिहिलेला कागद सोबत न्यावा.